कोरोना, वजन आणि साखर: रुग्णालयात दाखल होताना ठाणे-नवी मुंबईत विचारले जाणारे प्रश्न

कोरोना गेला ना? मग आता या प्रश्नांची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली. विषाणू मात्र उठून गेलेला नाही. २०२३ च्या अखेरीस जेएन.१ हा प्रकार आला, त्यानंतरही लहान लाटा येतच राहिल्या. बहुतेकांना आता साध्या सर्दीतापावर भागतं. दाखल व्हावं लागतं ते प्रामुख्याने वयस्कर, मधुमेही, फार वजनदार, मूत्रपिंडाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण. म्हणजे वॉर्डातली गर्दी ओसरली, पण वॉर्डात येणाऱ्यांत वजन आणि साखर हे दोन प्रश्न पूर्वीइतकेच हजर आहेत. शिवाय खाली लिहिलेलं बरंचसं पावसाळ्यातल्या फ्लूच्या न्यूमोनियालाही जसंच्या तसं लागू पडतं.

आमच्या बाबांचं फक्त पोट सुटलंय. त्यांना लठ्ठ म्हणायचं का?

बहुधा हो. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, उंचीला उंचीने गुणा आणि त्याने वजनाला भागा. हा बीएमआय. १६५ सेंटिमीटर उंची आणि ७८ किलो वजन असेल तर ७८ भागिले २.७२, म्हणजे साधारण २८.६. युरोपीय मोजमापात हे नुसतं ‘जास्त वजन’ ठरतं. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

म्हणून काट्याबरोबर टेपही घ्या. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी वाढलेली समजायची. कोरोनात त्रास देते ती हीच. पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलं की पट्टा पोटाखाली सरकतो आणि नंबर तोच राहतो.

धोका नेमका किती वाढतो?

सगळ्यात मोठे आकडे इंग्लंडचे आहेत. तिथल्या पहिल्या लाटेत रुग्णालयांत झालेल्या कोरोना मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मधुमेही होते. वय, लिंग, आर्थिक स्थिती वगैरे जमेला धरूनही मृत्यूची शक्यता टाइप २ मध्ये (बहुधा मोठेपणी येणारा नेहमीचा मधुमेह) साधारण दुप्पट आणि टाइप १ मध्ये (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो) साडेतीन पट निघाली. हे ऐकून टाइप १ असलेल्या तरुण मुलांचे आईवडील हादरतात, तेव्हा त्याच अभ्यासातली दुसरी बाजू सांगायलाच हवी: चाळिशीच्या आतल्या मधुमेहींत प्रत्यक्ष मृत्यू फारच थोडे होते. अगदी लहान आकड्याची साडेतीन पटही लहानच राहते.

वजनाचं गणित तिथल्याच ६९ लाख लोकांच्या नोंदींतून आलं. बीएमआय २३ च्या पुढे दर एका अंकामागे दाखल होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी आणि आयसीयूत जाण्याची सुमारे १० टक्क्यांनी वाढत गेली. हा परिणाम चाळिशीच्या आतल्यांत अधिक ठळक होता. पंचाहत्तरीच्या आजोबांच्या बाबतीत वयच इतकं भारी पडतं की वजनाचा वाटा त्यापुढे फिका होतो. पस्तिशीच्या, १०५ किलोच्या माणसात तोच वाटा उठून दिसतो. अगदी कृश माणसांनाही धोका जास्तच असतो, हेही लक्षात असू द्या.

फ्रान्समध्ये ५३ रुग्णालयांतल्या १,३१७ मधुमेही रुग्णांचा ‘कोरोनाडो’ अभ्यास झाला. सातव्या दिवसापर्यंत कृत्रिम श्वासाची नळी किंवा मृत्यू, यांचा संबंध बीएमआयशी दिसला, पण एचबीएवनसीशी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीशी दिसला नाही. इंग्लंडच्या लोकसंख्येच्या अभ्यासात मात्र एचबीएवनसी जास्त तर मृत्यू जास्त असं दिसलं होतं. यात विसंगती नाही, प्रश्न दोन आहेत. सगळ्या गावातून कोण गंभीर होणार, हा एक. आधीच खाटेवर आलेल्यांपैकी पहिल्या आठवड्यात कोण ढासळणार, हा दुसरा. जुना रिपोर्ट वाईट आहे म्हणून दाखल झाल्यावर हातपाय गाळायचं कारण नाही, आणि चांगला आहे म्हणून गाफील राहायचंही नाही.

वजनामुळे शरीरात नेमकं काय बिघडतं?

पहिली गोष्ट अगदी यांत्रिक. उताणं झोपलं की पोटातली चरबी पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूला, वर ढकलते. फुफ्फुसाचा खालचा आणि पाठीकडचा भाग दबतो, तिथल्या हवेच्या पिशव्या मिटतात. रक्त तिथून वाहत राहतं पण ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. निरोगी असताना हे चालून जातं. न्यूमोनियाने आधीच निम्मं फुफ्फुस अडवलं असेल तर शिल्लक उरत नाही. म्हणूनच जाड रुग्णाचं सॅच्युरेशन, म्हणजे बोटाच्या ऑक्सिमीटरवर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बसलेला असताना ९४ दिसतं आणि झोपला की ८९ वर येतं.

दुसरी गोष्ट, चरबी ही नुसती साठवण नसते. पोटातली चरबी दाह वाढवणारी रसायनं सतत थोडी थोडी सोडत असते, आणि संसर्गात तो दाह भडकतो. तिसरी, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. चौथी घोरण्याची. जाड माणसांत झोपेत श्वास अडकण्याचा आजार सर्रास असतो आणि बहुतेकांचा तो तपासलेलाच नसतो. रात्री २ वाजता सॅच्युरेशन घसरलं, तर ते कोरोना वाढल्यामुळे की घोरण्यामुळे, हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही. ‘हे झोपेत मध्येच श्वास थांबवतात’ हे वाक्य दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा. घरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) असेल तर मास्कसकट घेऊन या.

आणि साखरेमुळे?

साखर २०० च्या वर राहिली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच खराब असतं, त्यात विषाणूची भर पडते. मूत्रपिंड नाजूक असेल तर औषधांचे डोस बदलावे लागतात. आणि साखर वाढली की लघवीवाटे पाणी जातं, रुग्ण कोरडा पडतो.

चीनच्या हुबेई प्रांतात टाइप २ च्या रुग्णांची तुलना झाली: उपचारांदरम्यान साखर ७० ते १८० मध्ये राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, वर गेली त्यांच्यात ११ टक्के. मोह होतो की साखर आटोक्यात आणली म्हणजे झालं. पण जो जास्त आजारी त्याची साखर तशीही चढतेच, त्यामुळे या दहापटीचं सगळं श्रेय नियंत्रणाला देता येत नाही.

वजनही जास्त आणि साखरही. म्हणजे धोका दुप्पट?

साधी बेरीज होत नाही. दोघांचं मूळ बरंचसं एकच आहे. वजन मुख्यतः श्वासाच्या बाजूने मारतं, साखर जंतुसंसर्ग आणि औषधांच्या बाजूने. दोन्ही वाटा एकत्र येतात त्या स्टेरॉइडच्या जागी: वजनामुळे ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजन लागला म्हणून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि स्टेरॉइडने साखर उसळते. वॉर्डातली अर्धी लढाई या एका वळणावर असते, म्हणून पुढची बरीच उत्तरं त्याच्याभोवती आहेत.

घरी किती थांबायचं? कधी निघायचं?

सॅच्युरेशन ९४ च्या खाली, किंवा बसल्या जागी श्वास मिनिटाला २४ च्या वर: त्याच दिवशी रुग्णालय. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर: १०८ ला फोन, लगेच.

सॅच्युरेशन ठीक वाटत असेल तर सहा मिनिटं घरातच सपाट जागी चाला. ४ अंकांनी किंवा जास्त उतरलं, अथवा ९४ च्या खाली गेलं, तर दाखवा. आधीच ९४ च्या खाली असेल तर ही परीक्षा घेऊच नका. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर व्हायला पूर्ण एक मिनिट द्या. सावळ्या त्वचेवर हे यंत्र एखाद-दोन अंक जास्त दाखवू शकतं, तेव्हा ९३-९४ वर घासाघीस करू नका.

मधुमेहींसाठी आणखी दोन कारणं, सॅच्युरेशन कितीही असो: साखर सलग दोनदा ३०० च्या वर, किंवा उलट्या आणि पोटदुखी.

नौपाड्यातल्या जुन्या इमारती किंवा नवी मुंबईतल्या सिडकोच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहत असाल आणि रुग्ण ९०-१०० किलोचा असेल, तर निर्णय थोडा लवकर घ्या. सॅच्युरेशन ८८ असताना अशा माणसाला तीन जिने चालवत उतरवणं धोक्याचं असतं. फोनवरच वजन आणि मजला सांगा, जिन्यातून उतरवायची खुर्ची आणि जास्तीची माणसं मागा. ती नसतील तर हात असलेली भक्कम प्लास्टिकची खुर्ची, दोन माणसं मागे आणि दोन पुढे, रुग्णाचं तोंड उताराकडे, ऑक्सिजन चालू.

पिशवीत काय घालायचं?

• सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा. नुसती नावं नकोत. पट्टीवरची घटकांची ओळ बघावी लागते.
• ग्लुकोमीटरची वही किंवा मोबाइलमधल्या नोंदी, शेवटचा एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी).
• इन्सुलिन पेन. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या खाली. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.
• अलीकडचं वजन आणि उंची. उंची का, ते व्हेंटिलेटरच्या प्रश्नात.
• चष्मा, कवळी, श्रवणयंत्र. ऐकू न येणारा रुग्ण ‘गोंधळलेला’ म्हणून नोंदला जातो.

घरच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या?

स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत, पण खालच्या गोष्टी डॉक्टरांच्या कानावर पहिल्या तासात गेल्या पाहिजेत.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. यादीतली ही सगळ्यात महत्त्वाची. या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात. आजारपणात खाणं कमी झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं, आणि साखर मात्र १८०-२०० च दिसते. म्हणून कोणाला संशयच येत नाही. रुग्ण खोल, भराभर श्वास घेतो. सगळ्यांना वाटतं कोरोना वाढला. पण सॅच्युरेशन ९७ आणि श्वास ३४ असं जोडीने दिसलं तर ‘कीटोन तपासले का?’ असं नक्की विचारा. रक्तातले कीटोन ३ च्या वर म्हणजे आणीबाणी. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती पुष्कळ कंपन्यांच्या नावांनी, मेटफॉर्मिनबरोबर एका गोळीत येते. म्हणून रिकाम्या पट्ट्या.

मेटफॉर्मिन. सौम्य आजारात, जेवण नीट असेल तर चालू शकते. ऑक्सिजन लागला, मूत्रपिंड बिघडलं किंवा रंगद्रव्य टोचून सीटी काढायचा असेल तर थांबवतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड. जेवण अर्धवट राहिलं तर साखर धोकादायक उतरवतात. दाखल रुग्णात सहसा बंद.

आठवड्याचं इंजेक्शन (सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड). याने जठर उशिरा रिकामं होतं. घशात नळी टाकायची वेळ आली तर पोटातलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. शेवटचा डोस कोणत्या वारी घेतला ते सांगा. वजन कमी करायला घेतलं म्हणून ते लपवू नका.

बीपीच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांनी कोरोना वाढतो अशी आवई २०२० मध्ये उठली होती. ती टिकली नाही. बीपी उतरलेलं नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर चालू ठेवतात.

आईला कधीच डायबेटिस नव्हता. दाखल झाल्यावर शुगर ३२० कशी?

तीन शक्यता. आधीपासून होता पण तपासलाच नव्हता. आजाराच्या ताणाने वाढली. किंवा स्टेरॉइडने. पहिली ओळखायची सोपी युक्ती: दाखल होताच घेतलेल्या रक्तातच एचबीएवनसी. ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह जुना आहे, कारण चार दिवसांच्या स्टेरॉइडने तीन महिन्यांची सरासरी इतकी हलत नाही. आईला रक्त चढवलं असेल, थॅलेसेमिया किंवा मोठा रक्तक्षय असेल तर मात्र या आकड्यावर विसंबू नये.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये आलेल्या अंदाजात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आहेत. वॉर्डात पहिल्यांदा निदान होणं ही मुळीच अपवादाची गोष्ट नाही.

स्टेरॉइडने साखर वाढते हे माहीत असूनही देता कशाला?

कारण ऑक्सिजनवरच्या रुग्णाचा जीव त्याने वाचतो. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट नुकसानीकडे झुकता कल होता. म्हणून ताप आला, सॅच्युरेशन ९७ आहे आणि ओळखीच्या केमिस्टने स्टेरॉइडची पट्टी दिली, तर मधुमेह्याने ती तोंडात टाकू नये. २०२१ मध्ये याची किंमत बऱ्याच घरांनी मोजली.

सकाळी ८ ला डेक्सा दिलं तर दिवसाचं चित्र साधारण असं दिसतं: सकाळी ७ ला १४८, दुपारी जेवणाआधी २३६, संध्याकाळी ७ ला ३१२, रात्री १० ला २६८, पहाटे ३ ला १९०. फक्त सकाळची उपाशीपोटीची साखर बघून ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हणणं ही इथली ठरलेली चूक. दुपार आणि संध्याकाळचे आकडे मागा.

खाटेवर असताना साखर किती चालते? इन्सुलिन किती देतात?

१४० ते १८० हे लक्ष्य. १८० च्या वर सलग गेली की इन्सुलिन. ११० वर आणायचा हट्ट नको. जेवण अनिश्चित असताना तेवढी ओढली की ती ७० च्या खाली घसरते, आणि गुंगीत असलेला रुग्ण ते सांगूही शकत नाही.

दिवसाचं एकूण इन्सुलिन बहुधा किलोमागे ०.४ ते ०.५ युनिटपासून सुरू होतं. वय सत्तरीपुढे किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर ०.२ ते ०.३. समजा ८० किलो आणि ०.४ चा हिशेब. ३२ युनिट झाले: १६ लांब पल्ल्याचं एकदा, उरलेलं तीन जेवणांत ५, ५ आणि ६. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारचा आणि संध्याकाळचा हिस्सा वाढवावा लागतो. हे आकडे समजण्यापुरते. डोस वॉर्डाचे डॉक्टरच ठरवतील.

चुका कुठे होतात?

नुसतं स्लायडिंग स्केल. साखर वाढली की टोचा, नाही वाढली की काही नाही. म्हणजे पूर आल्यावर बांध घालणं. मूळ डोस ठरलेला असावा आणि स्केल फक्त वरखर्चाला.

डोसावर डोस. जलद इन्सुलिनचं काम साधारण चार तास चालतं. दोन तासांनी २८० दिसलं म्हणून पुन्हा टोचलं तर मध्यरात्री ५५ ठरलेले.

ड्रिपमधलं इन्सुलिन (५० मिलिलिटर सलाइनमध्ये ५० युनिट, म्हणजे मिलिलिटरला १ युनिट) बंद करताना लांब पल्ल्याचं इंजेक्शन किमान दोन तास आधी द्यायला विसरणं. शिरेतलं इन्सुलिन काही मिनिटांत संपतं आणि साखर पुन्हा आभाळाला.

ड्रिपआधी पोटॅशियम न बघणं. ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन. नाहीतर हृदयाची लय बिघडते.

आणि खुद्द ग्लुकोमीटर. सूज आलेलं किंवा थंडगार बोट, शॉकमधला रुग्ण, शिरेतून मोठ्या डोसात दिलेलं व्हिटॅमिन सी, यांत आकडा चुकतो. ज्या हातात ग्लुकोजची बाटली लावली आहे त्या हाताचं रक्त घेऊ नये. आंबा खाल्लेलं बोट न धुता टोचलं तर ९० किलोच्या माणसाची नव्हे, हापूसची साखर मोजली जाते.

एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर लागतं?

नाही. स्टेरॉइड थांबलं की टाइप २ च्या बहुतेकांचं इन्सुलिन कमी होतं, अनेकांचं सुटतं. टाइप १ ला मात्र ते कधीच, अगदी उपाशी असतानाही, पूर्ण बंद करायचं नसतं.

घरचा डबा चालेल का?

चालेल, पण वेळ जुळली तर. इन्सुलिन साडेबाराला दिलं आणि डबा ट्रॅफिकमध्ये घोडबंदर रोडवर अडकला, तर दोनला साखर पडलेली असते. डबा आधी खाटेपाशी पोचू द्या, मग सिस्टरना इन्सुलिन द्यायला सांगा.

दोन भाकऱ्या किंवा फुलके, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, दही, अंडी किंवा मासे खात असाल तर तेही. प्रथिनं किलोमागे दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतात. ‘जाडच आहेत, दोन दिवस उपास घडला तर बरंच’ हा विचार मनातून काढा. आजारात शरीर चरबीआधी स्नायू खातं, त्यात श्वासाचे स्नायूही आले. टाळायचं ते वेगळंच असतं: ताकद यावी म्हणून दिलेली ग्लुकोजची पावडर, गूळ घातलेला काढा, दिवसभर घोटघोट शहाळं, मोसंबीचा रस. नाचणीचं सत्त्व दुधासाखरेत शिजवलं की तेही खीरच होतं. ताकात शिजवून मीठ घालून द्या.

साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सिस्टरना हाक मारा.

पालथं झोपवतात. एवढं पोट असताना ते जमतं?

जमतं, आणि अशाच रुग्णांना बहुतेकदा चांगला फायदा होतो, कारण दबलेला पाठीकडचा भाग मोकळा होतो. गुपित उशांत आहे. एक उशी छातीच्या वरच्या भागाखाली, दोन ओटीपोटाखाली कंबरेच्या हाडाला टेकतील अशा, एक नडगीखाली. मध्ये पोट लोंबतं राहिलं पाहिजे. पोटाखालीच उशी ठेवली तर पडदा पुन्हा वर ढकलला जातो आणि सगळी मेहनत फुकट. एक हात वर, एक खाली, तोंड वर केलेल्या हाताकडे. दोन तासांनी बाजू बदलायची. जेवणानंतर तासभर नको. अजिबात सहन होत नसेल तर एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पाठ उंच करून बसतं. उताणं सपाट सोडून काहीही.

जाड रुग्णांत स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत घाम साचून कातडी सोलवटते. दिवसातून दोनदा कोरडं पुसून मऊ सुती कापड मध्ये ठेवा. पावडर थापू नका.

व्हेंटिलेटर वजनावर लावतात का?

नाही, उंचीवर. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुसं मोठी होत नाहीत. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन ६१.५ किलो येतं. किलोमागे ६ मिलिलिटर म्हणजे एका श्वासाला साधारण ३७० मिलिलिटर. खरं वजन १०५ किलो धरून लावलं तर ६३० होतात आणि फुफ्फुस ताणून फाटायची वेळ येते. झोपलेल्या रुग्णाची उंची अंदाजाने टाकली जाते. म्हणून ती घरूनच मोजून आणा. फुफ्फुस मिटू नये म्हणून श्वास सोडताना ठेवायचा दाब मात्र जाड रुग्णांत बहुधा जास्त लागतो.

बीपीचा पट्टाही बघा. जाड दंडाला नेहमीचा छोटा पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं.

पोटात रोज टोचतात ते कशाचं इंजेक्शन?

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. बहुधा एनॉक्सापॅरिन, ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर हा डोस तोकडा पडतो, डॉक्टर वाढवतात. मूत्रपिंड बिघडलं असेल तर कमी करतात. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं किंवा अचानक सॅच्युरेशन उतरून छातीत धडधड झाली तर लगेच सांगायचं.

काळी बुरशी अजून होते का?

२०२१ च्या मे महिन्यात ती देशभर नोंदणीसक्तीची झाली, तेवढ्या प्रमाणात आता नाही. पण अनियंत्रित साखर अधिक स्टेरॉइड, ही तिची जमीन आजही तशीच आहे. घरी गेल्यावर साधारण सहा आठवडे यावर नजर ठेवा: एका बाजूचा गाल बधिर होणं किंवा दुखणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, वरचे दात हलणं, टाळूवर काळा डाग, एक डोळा सुजणं, दोन-दोन दिसणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. दुर्बीण, नाकातल्या तुकड्याची केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची), एमआरआय. उपचार म्हणजे सडलेला भाग काढणं आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. उशीर दिवसांत नव्हे, तासांत मोजतात. वाफ घेण्याने वगैरे बुरशी टळते असा काही पुरावा नाही.

घरी सोडताना काय विचारायचं?

पहिला प्रश्न: स्टेरॉइड कधी थांबतंय, आणि थांबल्यावर इन्सुलिन किती कमी करायचं? डेक्सा बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत साखर उतरू लागते. कार्डावर ‘इन्सुलिन १८-१२-१८’ लिहिलेलं असतं, घरचे ते इमानाने देत राहतात आणि चौथ्या दिवशी पहाटे रुग्ण घामाघूम, बोलणं बरळल्यासारखं. घरी सोडल्यानंतर साखर घसरते ती बहुधा अशी. उतरणीचं वेळापत्रक कागदावर मागून घ्या. पहिला आठवडा दिवसातून चार वेळा साखर: सकाळी उपाशी, दुपारी जेवणाआधी, रात्री जेवणाआधी, झोपताना. १०० च्या खाली दिसली की पुढचा डोस देण्याआधी फोन.

थांबवलेल्या गोळ्यांपैकी कोणती कोणत्या दिवशी परत सुरू करायची, हा दुसरा प्रश्न. कार्डावर नसेल तर लिहून घ्या. डॉक्टरांची भेट सात दिवसांनी, एचबीएवनसी तीन महिन्यांनी. नवीन निघालेला मधुमेह खरोखर राहिला की गेला, ते तेव्हा कळतं.

चालणं घरातल्या घरात ५ मिनिटांपासून, ऑक्सिमीटर लावून. तलावपाळीची पूर्ण फेरी किंवा पाम बीचवरचा वॉक पहिल्या आठवड्यात नको.

लस घेतली होती. तरी पुन्हा घ्यायची का?

लशीने गंभीर आजार टळण्याचं प्रमाण मधुमेही आणि जाड माणसांतही चांगलं दिसलं; फार लठ्ठ माणसांत तो बचाव जरा लवकर ओसरतो. पुढचा डोस घ्यायचा का, हे वय आणि इतर आजार बघून आपल्या डॉक्टरांशी ठरवा, त्याच भेटीत फ्लूच्या वार्षिक लशीचंही विचारा. दंड जाड असेल तर सुई लांब हवी. नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या सुईने लस स्नायूऐवजी चरबीत राहते. स्त्री ९० किलोच्या किंवा पुरुष ११८ किलोच्या वर असेल तर ३८ मिलिमीटरची मागा.

आता महिनाभरात १० किलो उतरवले तर पुढच्या वेळी वाचू?

आजारातून उठल्यावर महिनाभरात १० किलो गेले तर त्यात बराच भाग स्नायूंचा असतो. पहिले सहा आठवडे वजन नुसतं स्थिर ठेवा, प्रथिनं पोटभर घ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायचा व्यायाम दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. मग महिन्याला दीड-दोन किलो या गतीने उतरवा. ९० किलोच्या माणसाचे साडेचार किलो, म्हणजे पाच टक्के गेले, तरी साखरेत आणि बीपीत फरक दिसायला लागतो. काट्याबरोबर टेपनेही मोजत राहा. आकडा अडला तरी पोट उतरत असेल तर काम चालू आहे.